सिद्धान्ताचा मोह

शास्त्रज्ञास आपला सिद्धान्त पोटच्या अपत्याप्रमाणें प्रिय असतो. म्हणून त्यांतील उणीव त्याला सहसा दिसत नाहीं. डॉक्टर जॉन मनी यांच्या बाबतींत या मोहाची किंमत दुसऱ्याच्या पोटच्या मुलाला द्यावी लागली.

१९२१ सालीं न्यूझीलंडमध्यें जन्मलेले हे मानसशास्त्रज्ञ १९५१ पासून अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स या संस्थेंत काम करीत. ज्यांचें शरीर जन्मतःच धड स्त्रीचें नाहीं व धड पुरुषाचेंही नाहीं, अशा मुलांचा त्यांनीं चिकाटीनें अभ्यास केला. शरीराचें लिंग ही एक गोष्ट, आणि मनुष्य जगांत स्त्री म्हणून वावरतो कीं पुरुष म्हणून, ही दुसरी गोष्ट, हा भेद त्यांनीं १९५५ सालीं मांडला. तो आजही उपयुक्त मानला जातो. परंतु ते याच्याही पुढें गेले. पहिल्या दोनअडीच वर्षांत जसें संगोपन होईल तसें मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी समजूं लागतें, असें त्यांचें प्रतिपादन होतें.

१९६५ सालीं कॅनडांतील विनिपेग शहरीं जुळे मुलगे जन्मले. पुढील वर्षीं सुंतेच्या वेळीं विजेच्या उपकरणानें त्यांपैकीं एकाचें शिश्न जळून गेलें. हताश आईबाप १९६७ सालीं मनी यांजकडे आले. त्यांच्या सल्ल्यानें बालकाचे वृषण काढण्यांत आले व त्याला मुलगी म्हणून वाढविण्यांत येऊं लागलें. जुळा भाऊ तुलनेस आयताच होता. १९७२ सालच्या ग्रंथांत मनी यांनीं हा प्रयोग यशस्वी झाल्याचें लिहिलें, आणि इतर डॉक्टर तो दाखला प्रमाण मानूं लागले.

घरांतली हकीकत निराळी होती. मुलीला झगे नकोसे वाटत. शाळेंत ती एकटी पडे. बाल्टिमोरच्या भेटी आपणांस अत्यंत क्लेशदायक झाल्या, असें दोघां भावंडांनीं पुढें सांगितलें. १९८० सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, वडिलांनीं तिला सत्य सांगितलें. तेव्हांपासून तें मूल डेव्हिड या नांवानें मुलगा म्हणून राहूं लागलें. मनी यांनीं त्या प्रकरणाविषयीं लिहिणें थांबविलें, पण पूर्वीचें विधान मागें घेतलें नाहीं. शेवटीं १९९७ सालीं मिल्टन डायमंड व कीथ सिग्मंडसन या संशोधकांनीं खरी हकीकत प्रसिद्ध केली. २००४ सालीं डेव्हिडनें आत्महत्या केली. २००६ सालीं मनी यांचें निधन झालें.

अनुमान चुकणें हा शास्त्रांत अपराध नव्हे. येथें सिद्धान्त मांडणारा, उपचार सुचविणारा आणि निकाल देणारा मनुष्य एकच होता, आणि निकाल फिरला तेव्हां तो गप्प राहिला. डायमंड यांनीं १९६५ सालींच या मताविषयीं शंका प्रकट केली होती. परीक्षण अशा एखाद्या शंकेखोर त्रयस्थाकडे असतें, तर त्या खोट्या यशावर विसंबून इतर बालकांवर झालेल्या शस्त्रक्रियांपैकीं कांहीं तरी टळण्याचा संभव होता.