अळिंबीच्या खोलीला वारा हवा, गोंगाट नको



सोलापूरच्या माणसाला आवाजाची ओळख करून द्यायला नको. १८७७ साली या शहरात पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि त्यानंतर कित्येक पिढ्या भोंग्यावर उठल्या, भोंग्यावर जेवल्या. पुढे गल्लोगल्ली यंत्रमाग आले. मागाच्या खडखडाटात गाढ झोपणारी मुले आपण पाहिली आहेत. तरीही आज मी एका लहानशा पंख्याच्या आवाजाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, हे काय भलतेच? पण जरा धीर धरा. या आवाजापायी हातचे पीक जाते, म्हणून बोलायचे.

पीक कोणते, तर धिंगरी अळिंबी. गव्हाचे काड, सोयाबीनचा भुसा, ज्वारीच्या कडब्याची कुट्टी असे जे आपल्या शिवारात पडून असते, ते भिजवून, गरम पाण्याने निर्जंतुक करून पिशव्यांत भरायचे, त्यात बियाणे घालायचे आणि घराच्या मागच्या खोलीत टांगून ठेवायचे. जमीन लागत नाही आणि पाणीही थोडेच लागते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात या पिकावर संशोधन आणि प्रशिक्षणाचे काम चालते. आपल्याकडेही बचतगटाच्या बाया ते करून पाहू लागल्या आहेत.

आता समजा, अशीच एक बाई आहे. खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद, आठ फूट उंच. पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या, कळ्या फुटल्या. कुणी सांगितले म्हणून तिने चार इंची पंखा आणला आणि पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळून बसवला. पंखा सुरू झाला आणि सगळा पत्रा गुणगुणू लागला. दिवसा ते खपून गेले. रात्री शेजारचे म्हातारबाबा ओरडले, घरात सासूबाईंनी कूस बदलली, पोराचा अभ्यास होईना. बाईने दहा वाजता बटण बंद केले आणि सकाळी सहाला सुरू केले. चार दिवसांनी पाहते तो अळिंबीचे देठ बोटाएवढे लांब आणि वरची छत्री बटणाएवढी! असा माल बाजारात कोण घेणार?

बाईने कष्टात कसूर केली नव्हती आणि बियाणेही चांगले होते. रात्रीचे आठ तास खोलीला वारा मिळाला नाही, एवढेच झाले.

अळिंबी श्वास घेते

गुरुजी, ही गोष्ट वर्गात अवश्य सांगा. अळिंबी हिरवी नसते. सूर्यप्रकाशात अन्न तयार करणे तिला येत नाही. आपल्यासारखीच ती प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत हा वायू आज सुमारे ४२० भाग असतो. भरलेल्या बंद खोलीत तो काही तासांत हजारांवर जातो. पिशवीत बुरशीचे जाळे पसरत असते ते पहिले पंधरा-वीस दिवस याची फारशी अडचण नसते. उलट तेव्हा खोली बंद आणि अंधारी असलेली चालते. पण कळी फुटली की हा वायू हजार भागांच्या आतच राहायला हवा. जास्त झाला की अळिंबी मोकळ्या हवेच्या शोधात देठ लांबवते आणि छत्री लहानच राहते. म्हणजे देठ पाहिला की हवेचा हिशोब कळतो, वेगळे यंत्र नसले तरी चालते.

किती हवा लागेल?

हिशोब सोपा आहे. आपल्या बाईच्या खोलीचे घनफळ बारा गुणिले दहा गुणिले आठ, म्हणजे ९६० घनफूट. ते झाले सुमारे २७ घनमीटर. कळ्या लागल्यावर तासाला चार ते सहा वेळा खोलीतली हवा बदलावी, असा ढोबळ नियम आहे. पाच वेळा धरले तर २७ पंचे १३५ घनमीटर हवा दर तासाला हवी.

आता दुकानात जाऊन १३५ चा पंखा घेतला की काम झाले, असे नाही. पंख्याच्या खोक्यावर जो आकडा छापतात तो पंखा मोकळ्यावर फिरताना किती हवा फेकतो त्याचा असतो. पुढे पाईप, जाळी, गोणपाट आले की तोच पंखा दमतो. म्हणून छापील आकडा गरजेच्या दुप्पट असलेला पंखा निवडा. शिवाय भिंतीतल्या भोकात बसणारा साधा पात्यांचा पंखा अडथळ्यापुढे लवकर हार खातो. पाईपच्या पोटात बसणारा, ज्याला बाजारात इनलाइन पंखा म्हणतात, तो हवा रेटून पुढे नेतो. पाईप आणि जाळी असेल तिथे तोच बरा.

सोलापूरची अडचण वेगळी

थंड, दमट मुलखातला माणूस म्हणेल, लावा मोठा पंखा आणि सोडा मोकळा. आपल्याकडे तसे करून भागणार नाही. अळिंबीला हवेत ८० ते ९० टक्के ओल लागते. आपल्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. असली हवा भसाभस आत घेतली की कळ्या वाळून पिवळ्या पडतात. जुन्या गिरणी कामगाराला हे लगेच उमजेल. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून गिरणीच्या खात्यात मुद्दाम ओल ठेवावी लागते. अळिंबीच्या खोलीचेही तसेच आहे.

उपाय माठाचा आहे. आत येणारी हवा ओल्या गोणपाटातून किंवा वाळ्याच्या ताटीतून येऊ द्या. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि हवा गारही होते, ओलीही होते. पावसाळ्यात माठातले पाणी फारसे गार होत नाही, तसे गोणपाटही तेव्हा फार गारवा देणार नाही. पण तेव्हा हवाच दमट असते, त्याची गरजही कमी. गोणपाट मात्र आठवड्याला धुऊन उन्हात वाळवा, नाहीतर तेच रोगाचे घर होईल.

पंखा कोठे बसवावा?

बहुतेक लोक पंखा हवा बाहेर फेकण्याच्या बाजूला लावतात. तिथे दमट हवा दिवसरात्र मोटारीवरून जाते. शिवाय पिकलेल्या अळिंबीतून धुरळ्यासारखे बीजाणू उडतात, ते पात्यांवर चिकटतात. एका पात्यावर जास्त, दुसऱ्यावर कमी असा थर बसला की चाकाचा तोल जातो आणि आज शांत असलेला पंखा महिन्याभरात घरघरू लागतो.

म्हणून शक्य असेल तिथे पंखा आत येणाऱ्या हवेच्या बाजूला लावा. सावलीच्या अंगाने हवा घ्यायची, बारीक जाळीतून गाळायची, मग पंखा, त्यानंतर ओले गोणपाट आणि मग खोली. पंखा गोणपाटाच्या आधी असल्याने कोरडा राहतो, स्वच्छ राहतो. समोरच्या भिंतीत हवा जायला जाळी लावलेले भोक ठेवा. आपल्या जुन्या माळवदाच्या घरात छताला साणे ठेवीत, म्हणजे हवेला एक वाट यायची आणि दुसरी जायची. इथेही तेच. दोन्ही भोके एकाच भिंतीत ठेवलीत तर हवा आल्या पावली परत जाईल आणि कोपऱ्यातल्या पिशव्या कोंडलेल्याच राहतील.

आवाज येतो कोठून?

आता मुख्य मुद्द्याला येऊ. पंख्याचा आवाज तीन वाटांनी येतो.

पहिली वाट वेगाची. पाती जितकी जोरात फिरतील तितका आवाज वाढतो, आणि तो वेगाच्या मानाने फार झपाट्याने वाढतो. त्याच पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दर दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज जवळजवळ अर्धा वाटतो. यातच निवडीचे मर्म आहे: लहान पंखा जिवाच्या आकांताने पळवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवावा. पाईपचेही तसेच. आपली हवा चार इंची पाईपमधून न्यायची तर ती सेकंदाला सुमारे पावणेपाच मीटर वेगाने धावते आणि शीळ घालते. सहा इंची पाईपमधून तीच हवा सुमारे दोन मीटरने निवांत जाते.

वेग कमी करायला रेग्युलेटर लागतो. काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरांवर मोटार गुणगुणते. पायऱ्यापायऱ्यांचा, कपॅसिटरचा रेग्युलेटर त्या मानाने शांत असतो. ज्याची मोटारच वेग बदलण्यासाठी बनवलेली असते तो ईसी जातीचा पंखा सगळ्यांत शांत आणि विजेलाही कमी, पण किमतीला जास्त.

दुसरी वाट थरथरीची. पंखा पत्र्याला आवळला की पत्रा ढोलकीच्या कातड्यासारखा वाजतो. त्याला सैल टांगा. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करा आणि तुळईला किंवा वाशाला चार ठिकाणी झोळीसारखा बांधा. खाली पडू नये म्हणून एक ढिली साखळीही ठेवा. पंखा आणि पाईप यांच्यामध्ये वीतभर जाड कापडाचा किंवा रबराचा जोड द्या, म्हणजे थरथर पाईपमधून भिंतीत जाणार नाही.

तिसरी वाट हवेची स्वतःची. पंख्याच्या तोंडाशीच वळण दिले की हवा गरगरत आत शिरते आणि पाती खडखडतात. पंख्याआधी दोन-तीन फूट पाईप सरळ ठेवा. वळण द्यावेच लागले तर मोठे, गोलाईचे द्या. घड्यांचा पाईप असेल तर पुरता ताणून बसवा.

एवढे करूनही आवाज राहिला तर हवा घेण्याच्या तोंडाशी लाकडी पेटी करा. आत दोन आडव्या फळ्या घालून हवेला नागमोडी वाट द्या. वाट पाईपच्या तोंडाच्या दुप्पट रुंद असावी. आतून दोन इंच जाडीचे रॉकवूल लावून त्यावर कापड ताणा. ते न मिळाल्यास जुन्या गोधडीचे चार-पाच पदर लावा, मात्र मोटारीपासून दूर. ही पेटी कोरड्या बाजूला आहे म्हणून चालते. दमट बाजूला गोधडी कुजेल. आणि पेटीचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे करू नका, एवढे तारतम्य ठेवा.

कायदाही आपल्याला हेच सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण कायद्याआधी शेजारधर्म आहे.

शाळेत करून पाहा

गुरुजी, मुलांकडून तीन प्रयोग करून घ्या.

एक, प्लॅस्टिकची मोठी पिशवी घ्या. अर्धा मीटर व्यासाची आणि एक मीटर लांब पिशवी फुगली की तिच्यात सुमारे २०० लिटर हवा मावते. ती चपटी करून पाईपच्या तोंडाला धरा आणि किती सेकंदांत फुगते ते मोजा. पाच सेकंद लागले तर तासाला १४४ घनमीटर हवा येते. आपल्या बाईची गरज १३५ ची होती, म्हणजे पुरे.

दोन, उदबत्तीचा धूर खोलीच्या चारही कोपऱ्यांत धरा. जिथे धूर हलत नाही तिथे हवा पोचत नाही.

तीन, पंखा चालू असताना भिंतीवर किंवा पत्र्यावर तळहात दाबून ठेवा. दाबल्यावर आवाज बदलला तर दोष पंख्याच्या बांधणीत आहे.

शेवटी चार सूचना

खोली ओली आणि वीज वैरीण, हे विसरू नका. पंख्याला अर्थिंग हवेच, आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच वायरमनकडून बसवून घ्या. जाळी आणि पाती साफ करताना आधी वीज बंद करा. अळिंबीच्या छत्रीची कड वर वळण्याआधीच तोडणी करा आणि खोलीत जाताना नाकातोंडाला मास्क लावा. बीजाणूंनी काहींना खोकला आणि दम्यासारखा त्रास होतो. वीज गेली तर समोरासमोरची भोके उघडी ठेवून दाराला जाळीआड ओले गोणपाट लावा.

खर्चाची धास्ती नको. तीस वॅटचा पंखा चोवीस तास चालला तरी दिवसाला पाऊण युनिटाच्या आतच वीज खातो. प्रश्न विजेचा नाही, तो रात्रभर चालू ठेवता येण्याचा आहे. ज्या पंख्याचा त्रास होतो तो कुणीतरी बंद करणारच, आणि बंद पंख्याची किंमत पीक मोजते. तेव्हा पंखा मोठा घ्या, हळू फिरवा, सैल टांगा आणि कोरडा ठेवा. मग शेजारचे म्हातारबाबा झोपतील, सासूबाई झोपतील, आणि मागच्या खोलीत अळिंबीची छत्री रात्रभर बिनबोभाट उमलत राहील.