बूमवरचा डिजिटल माइक, वायरशिवाय

शूटिंगला नटांच्या डोक्यावर, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, लांब काठीवर, म्हणजे बूमवर, तोललेला असतो तो शॉटगन माइक. साध्या शॉटगन माइकला सहसा ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. शोप्सच्या सुपरसीएमआयटीसारखा डिजिटल माइक मात्र एईएस४२ या मानकानुसार १० व्होल्टवर चालतो. आवाजाचे आकडे तो स्वतःच करतो आणि दोन चॅनेल पाठवतो: एकावर आजूबाजूचा गोंगाट दाबलेला, दुसऱ्यावर मूळ आवाज. त्यामुळे त्याचा आवाज वायरशिवाय पाठवायचा तर हाताशी असलेला कुठलाही ट्रान्समीटर लावून भागत नाही. एईएस४२ समजणाराच हवा. शिवाय माइकमधली चिप वीज खाते, ट्रान्समीटरची बॅटरी लवकर उतरते. ट्रान्समीटर काठीच्या खालच्या टोकालाच बांधावा. वर बांधला की बूम धरणाऱ्याचे हात भरून येतात. विकत घेण्याआधी संच भाड्याने आणून वापरून पाहा.