रडतराऊत, खवचट की खिन्न?

रत्नागिरी : हापूसच्या कलमांवर भरघोस मोहोर दिसू लागला, की एखादा तरी बागायतदार म्हणतोच, ‘मोहोराचे काय, टिकेल तेव्हा खरा!’ बाहेरगावच्या माणसाला हा निराशेचा सूर वाटतो. परंतु तुडतुडे, अवकाळी पाऊस आणि मे २०२१ मध्ये ऐन हंगामात आलेले तौक्ते चक्रीवादळ पाहिलेल्या माणसाच्या तोंडी ही निराशा नव्हे, हिशेब असतो. काळी बाजू बोलून दाखवणाऱ्या साऱ्यांना ‘निराशावादी’ या एकाच शब्दात कोंबण्याची सवय म्हणूनच तपासून पाहण्याजोगी आहे.

मुळात हा पंडिती शब्द. ‘वाद’ म्हणजे मत, सिद्धान्त. संसारात सुखापेक्षा दुःखच अधिक, असे विचारपूर्वक मानणारा तो निराशावादी. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहौअर हे त्याचे ठळक उदाहरण. रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’तील (१९१५) सुखदुःखविवेकाच्या प्रकरणात त्याच्या मताची दखल घेतली आहे. दुःख आहे म्हणून कर्मच सोडावे, हे टिळकांना मान्य नाही. सोडायची ती फळाची आसक्ती, असा त्यांचा निष्कर्ष. ओसरीवर बसून कुरकुरणाऱ्याला निराशावादी म्हणणे म्हणजे त्याला फुकटात तत्त्वज्ञाची पदवी बहाल करणे होय.

त्याच्यासाठी बोलीत निराळी नावे आहेत. राऊत म्हणजे घोडेस्वार. मोहिमेवर निघतानाच ज्याच्या डोळ्यांत पाणी, तो ‘रडतराऊत’. रडत जाणारा मेल्याची बातमी आणतो, हा अनुभव म्हणीतही उतरला आहे. ‘किरकिऱ्या’ला काहीच मनासारखे होत नाही, तर ‘दोषैकदृष्टी’ माणसाला नेमके उणे तेवढेच दिसते. ‘विघ्नसंतोषी’ मात्र या पंगतीत बसत नाही. काम बिघडेल अशी भीती त्याला नसते, आशा असते!

‘काळजिभ्या’ हा शब्द तर बोलण्याच्या सामर्थ्यावरील श्रद्धेतून आला. त्याचे वाईट बोललेले खरे ठरते, अशी समजूत. वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणतो, तेव्हा भरल्या घरात अभद्र बोलू नये, असे वडीलधारी मंडळी आजही बजावतात. या धाकापोटी घरातील कित्येक रास्त शंका ओठांतच राहतात, हा त्याचा तोटा.

कोकणी माणसाला हमखास चिकटणारे विशेषण म्हणजे ‘खवचट’. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) या पुस्तकातील अंतू बर्वा हा रत्नागिरीकर त्याचा जणू प्रतिनिधी. गावात वीज येणार म्हटल्यावर, लख्ख उजेडात दारिद्र्यच तर दिसायचे, अशा अर्थाचा शेरा तो मारतो. वरवर पाहता हा नकारच. परंतु त्या तिरकस बोलण्याखाली एकाकी म्हातारपण आहे आणि दया नाकारणारा ताठपणाही आहे. खवचट माणूस जगावर रुसलेला असेल, जगातून उठलेला नसतो. त्याला ऐकणारा हवा असतो.

खरी चूक होते ती पुढे. बोलणेच थांबवलेल्या, जेवणावरची वासना उडालेल्या, रात्र रात्र जागणाऱ्या माणसालाही घरचे लोक ‘रडूबाई’ किंवा ‘सुतकी चेहऱ्याचा’ म्हणतात. हा स्वभाव नव्हे. नैराश्य हा आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार खिन्नता किंवा कशातच रस न वाटणे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच काळ टिकले, त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडणे अशी लक्षणे असली, तर नैराश्याचा विचार करावा लागतो. ‘मन घट्ट कर’ या उपदेशाने असा माणूस सावरत नाही, उलट स्वतःलाच दोषी मानू लागतो. औषधे आणि समुपदेशन यांचा उपयोग होतो.

राज्यातील जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीतच आहे; उरलेली ठाणे, पुणे आणि नागपूर येथे. तरीही मनोरुग्णालयाचे नाव चेष्टेपुरतेच घेण्याची खोड महाराष्ट्रभर आहे. दारापर्यंत जाण्याचा संकोच असलेल्यांसाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतूनही बोलता येते.