रोवणीच्या दिवसांतही गोळी चुकवू नका

"डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग रोज गोळी कशाला?" उच्च रक्तदाबाचे रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. महिनाभर गोळी घेतली, दाब उतरलेला दिसला की रोग गेला असे समजून ती बंद केली जाते. मधुमेहाचेही तसेच. वास्तविक दाब उतरलेला असतो तो गोळीमुळे. गोळी थांबली की तो पुन्हा चढतो आणि बहुतेकांना ते कळतही नाही.

हे दोन्ही रोग मुकाट्याने काम करतात. वाढलेल्या दाबाने मेंदूतील रक्तवाहिनी फुटते किंवा बंद पडते व लकवा होतो. हृदय आणि मूत्रपिंडे निकामी होतात. वाढलेल्या साखरेने डोळ्यांचा पडदा व पायांच्या नसा खराब होतात. हे रोग फक्त शहरातल्यांचे, हा समज आता सोडावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे जे सर्वेक्षण 2023 साली प्रसिद्ध झाले, त्यात देशातील 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब, तर ग्रामीण भागातील सुमारे 9 टक्के प्रौढांना मधुमेह आढळला.

निदान कसे होते?

दोन वेगवेगळ्या दिवशी मोजलेला दाब 140/90 किंवा त्याहून अधिक असल्यास तो उच्च रक्तदाब होय. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. अर्धा तास आधी चहा किंवा खर्रा घेऊ नये. उपाशीपोटी साखर 126 किंवा अधिक आल्यास मधुमेहाची शक्यता असते. पुन्हा तपासून खात्री करावी. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा दोन्ही तपासण्या कराव्यात.

यासाठी नागपूर गाठण्याची गरज नाही. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम 2017 साली सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून वर्धा, सातारा, सिंधुदुर्ग यांच्यासोबत आपला भंडारा जिल्हाही होता. जवळच्या केंद्रात औषध मिळावे आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा व्हावा, हे त्याचे सूत्र. आपल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

हंगामात काय सांभाळावे?

गोळ्या सुटतात त्या बहुधा रोवणी आणि कापणीच्या दिवसांत. पहाटे बांधीवर जायचे, मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाणार? म्हणून हंगाम लागण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगून पुरेशा गोळ्या आणून ठेवाव्यात.

मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी कामाला जाणे धोक्याचे आहे. अचानक घाम फुटणे, हातपाय थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही साखर उतरल्याची लक्षणे. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, नंतर जेवावे. सोबत गुळाचा खडा ठेवावा. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखान्यात न्यावे.

चिखलात अनवाणी काम करताना बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही. संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे पाहावेत. दिसत नसल्यास घरच्यांना पाहायला सांगावे. जखम असल्यास हळद भरून वाट पाहू नये.

भात सोडावा लागत नाही, पण ताटातला भाताचा ढीग कमी करून वरण आणि पालेभाजी वाढवावी. दिवसभरात सर्व मिळून मीठ एक लहान चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत असावे. लोणचे, पापडही त्यातच मोजावेत. खर्रा, तंबाखू व दारू सोडावी.

धानाला एक पाणी चुकले तर पीक हातचे जाते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शरीराचेही तसेच आहे. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.