वाळूंत उगवणारे मासे

वाम हा मासा कोंकणच्या किनाऱ्यावरील लोकांस नवा नाहीं. लांब, गुळगुळीत, सापासारखें अंग आणि हातांतून निसटण्याची खोड, यांवरून त्याची ओळख तत्काळ पटते. परंतु याच्याच नात्यांतील एक मासा असा आहे कीं, प्रथमदर्शनीं त्यास कोणी मासा म्हणणार नाहीं. उष्ण समुद्राच्या तळाशीं, पोंवळ्यांच्या खडकांलगत, वाळूचीं मोकळीं मैदानें असतात. तेथें शेंकडों बारीक देंठ उभे राहून एकाच दिशेस तोंड करून डुलत असतात. पाणबुड्या थोडा जवळ गेला कीं एकेक देंठ वाळूंत शिरतो, आणि क्षणभरानें तेथें नुसतें ओसाड मैदान उरतें. इंग्रजींत यास 'गार्डन ईल', म्हणजे बागेंतील वाम, असें म्हणतात.

यांच्या अनेक जातींपैकीं ठिपक्यांची जात विशेष प्रसिद्ध आहे. लांबी फार तर ४० सेंटिमीटर, म्हणजे हातभराहूनही कांहीं कमी. आणि जाडी करंगळीएवढी. पांढुरक्या अंगावर बारीक काळ्या ठिपक्यांची दाटी असते. त्यांत मोठे काळे डाग निराळे उठून दिसतात. एक कल्ल्याच्या छिद्रापाशीं, तर दुसरा अंगाच्या मध्याच्या सुमारास. डोळे मोठे, तोंड आंखूड व किंचित् वर वळलेलें. छातीचे पर इतके इवलेसे कीं, ते असून नसल्यासारखेच. बिळांत राहणाऱ्यास रुंद परांची अडचणच व्हावयाची !

बीळ खणण्याची याची रीत मोठी मजेची आहे. उंदीर-घुशी तोंडानें व पायांनीं माती उकरतात. हा मासा शेपटीच्या टणक टोंकानें वाळू भेदून उलटा आंत उतरतो. पण वाळूची भिंत ती किती वेळ टिकणार? त्यासाठीं तो अंगांतून चिकट स्राव सोडतो व त्यानें कण सांधून गिलावा करतो. एकदां घर झालें कीं शेपूट तें सहसा सोडीत नाहीं. भक्ष्य खावयाचें तेंही घरांत उभें राहूनच.

येथेंच याच्या जीविताची खरी ओढाताण आहे. प्रवाहाबरोबर वाहत येणारे सूक्ष्म जीव हेंच याचें अन्न. प्रवाहाकडे तोंड करून, अंग जितकें बाहेर काढावें तितका घांस अधिक; परंतु तितकाच मोठ्या माशांच्या तोंडीं जाण्याचा धोकाही अधिक. शिवाय प्रवाहाला जोर चढला म्हणजे अंग वांकवून खालीं घ्यावें लागतें. रात्रीं तर तो बिळांतच असतो. असा हा प्रत्येक बोटभर अंगाचा हिशेब दिवसभर चाललेला असतो. विणीच्या वेळींही शेजारच्या बिळांतील नर व मादी शेपट्या न सोडतांच एकमेकांस विळखा घालतात, आणि अंडीं प्रवाहावर सोंपवून देतात. त्यांतून निघणारीं पिल्लें पारदर्शक व पानासारखीं चपटीं असतात; तीं मोठीं होईपर्यंत समुद्रावर तरंगत राहतात.

तांबड्या समुद्रापासून व आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिक महासागरांतील सोसायटी बेटांपर्यंत ही जात आढळते. खोली साधारणतः ७ ते ४५ मीटर. इतका विस्तार असूनही शास्त्रज्ञांनीं तिचें वर्णन केलें तें १९५९ सालीं, मालदीव व आपल्या निकोबार बेटांकडील नव्या जातींबरोबर. हान्स हास या ऑस्ट्रियन पाणबुड्याच्या 'झारिफा' जहाजावरील सफरीचें तें फळ. जातीच्या लॅटिन नांवांत त्याचें नांव गोंवलें आहे. वास्तविक असा लपणारा प्राणी जाळ्यानें हातीं लागणें कठीणच. माणूस स्वतः तळाशीं उतरूं लागला, तेव्हां कोठें ही बाग दृष्टीस पडली.

तथापि हा भित्रेपणा संवयीनें कमी होतो. टोकियोच्या सुमिदा मत्स्यालयांत या जातीचे सुमारें ३०० मासे होते व रोजच्या गर्दीस ते सरावले होते. २०२० च्या मार्चमध्यें साथीमुळें मत्स्यालय बंद झालें. प्रेक्षक दिसेनासे झाले, तसे हे मासे माणसांस विसरले. राखणदार फिरकला कीं सर्व वाळूंत गडप! त्यामुळें त्यांची प्रकृति पाहणेंही दुरापास्त झालें. शेवटीं मे महिन्यांत तीन दिवस टाकीपुढें पडद्याचीं यंत्रें मांडण्यांत आलीं आणि लोकांनीं घरबसल्या माशांस आपलीं तोंडें दाखवावीं, अशी विनंति करण्यांत आली. हात हलवावा, हळू बोलावें, ओरडूं मात्र नये, इतकीच अट होती.