कमांड टेबल वाचते, अर्थ वाचत नाही

‘डेटाबेस तयार आहे ना? मग एक कमांड मारा, मॉडेल तयार, काम संपलं.’ हा समज नवशिक्यांपुरता असता तर फारसं बिघडलं नसतं. पण जुन्या प्रकल्पांची कामं घेणारेही तेच म्हणतात. जँगो या पायथॉन वेब फ्रेमवर्कची इन्स्पेक्टडीबी कमांड टेबलांची नावं, कॉलम, त्यांचे प्रकार आणि घोषित फॉरेन की वाचून पायथॉनचे क्लास, म्हणजेच मॉडेल, लिहून देते. शेकडो टेबलं हातानं उतरवण्याचे कष्ट वाचतात, हे निर्विवाद. पण तयार झालेला कोड हातानं दुरुस्त करायचा आहे, असं जँगोचं अधिकृत डॉक्युमेंटेशनच सांगतं. कॉलमचा प्रकार ओळखता आला नाही, तर कमांड टेक्स्टफील्ड टाकते आणि शेजारी ‘हा अंदाज आहे’ अशी टीप लिहिते. ती टीप तरी वाचा!

टेबल वाचूनही अर्थ कसा निसटतो, यासाठी वारंगा फाटा घ्या. कळमनुरी तालुक्यातलं हे ठिकाण आज हिंगोली जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. समजा, एखाद्या टेबलात इथल्या १९९५च्या नोंदीपुढे ‘परभणी’ आहे आणि २००५च्या नोंदीपुढे ‘हिंगोली’. ठिकाण तेच, नोंदी दोन्ही बरोबर. कमांडला मात्र अक्षरांचा एक कॉलम दिसतो. विभाजन कुठल्याच कॉलममध्ये लिहिलेलं नाही. ‘फॉरेन की नीट लावली तर?’ असा आक्षेप येतो. तरीही दोन्ही जिल्हे वैधच ठरतात आणि जिल्हावार बेरीज चुकते ती चुकतेच. शिवाय जुन्या टेबलांत फॉरेन की असेलच असं नाही: मायएसक्यूएलमध्ये ५.५ आवृत्ती येईपर्यंत मायआयसॅम हे डीफॉल्ट इंजिन होतं, आणि ते फॉरेन कीची घोषणा निमूटपणे स्वीकारून दुर्लक्षित करतं. असे संबंध मॉडेलमध्ये येणार कुठून? जे येतात, त्यांनाही मूळ नोंद पुसल्यावर काय करायचं याबद्दल सहसा ‘डू नथिंग’ लागलेलं असतं. तो निर्णय तुम्हीच घ्यायचा. कॉलमचं नाव देवनागरीत असेल तर काना-मात्रांच्या जागी अंडरस्कोर येतो आणि ‘गाव’चं ‘ग_व’ होतं.

आणखी काही गैरसमज. कमांड डेटाबेस बदलते? नाही, ती फक्त वाचते आणि कोड छापते. व्ह्यू वाचत नाही? जँगो २.१पासून तो पर्याय आहे. पुढे टेबल बदललं की मॉडेल आपोआप बदलतं? मुळीच नाही, आणि नवा कोड जुन्या फाइलवर ओतला, तर हातानं केलेल्या दुरुस्त्या जातात.

म्हणून मॉडेल वापरात आणण्याआधी नोंदी भरणाऱ्या माणसाशेजारी बसा आणि प्रत्येक सांकेतिक कॉलमचा अर्थ त्याच्याकडून लिहून घ्या.