जीपचा क्लच : पकडत नाही की सोडत नाही?

घाटाच्या चढणीवर जुनी जीप अडते. इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी पुढे सरकत नाही. "क्लचप्लेट गेली," असे कोणीतरी लगेच सांगतो. असेलही; पण प्लेट पाहायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीत त्याच्या पाठीला ट्रान्स्फर केस ही दुसरी जड पेटी जोडलेली असते. हा खटाटोप मोठा आहे. तेव्हा पाना हाती घेण्यापूर्वी थोडे पदार्थविज्ञान वापरून पाहू.

इंजिनाच्या मागील टोकाला फ्लायव्हील हे जड चक्र असते. घर्षणाचे अस्तर लावलेली क्लचची तबकडी मजबूत स्प्रिंगांमुळे या चक्रावर दाबलेली राहते आणि त्याच्याबरोबर फिरते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून तरफा रेटते, दाब सुटतो व तबकडी मोकळी होते. म्हणजे क्लचच्या मुख्य तक्रारी दोनच : तो घट्ट पकडत नाही, किंवा पुरता सोडत नाही.

प्रथम इंजिन बंद ठेवून पेडल हाताने हळूच दाबा. सुरुवातीचा सुमारे एक इंच ते सैल जायला हवे. गंमत अशी, की तबकडी झिजते तशी ही सैल चाल वाढत नाही, उलट कमी होते! तबकडी पातळ झाली की तरफांची टोके मागे, बेअरिंगकडे सरकतात. सैल चाल संपली, की पाय पेडलवर नसतानाही तरफा किंचित रेटलेल्या राहतात. दाब घटतो, त्याबरोबर घर्षण घटते, तबकडी घसरते आणि तापते. अशा वेळी काही मिनिटांत सांध्याची लांबी जुळवूनच काम भागण्याचा संभव असतो.

पुढच्या परीक्षा जाणत्या चालकानेच कराव्यात. गाडी सपाट जागी, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हातब्रेक ओढलेला, पुढेमागे कोणी उभे नाही. इंजिन सुरू करून सर्वांत वरचा गिअर टाकायचा आणि पेडल सावकाश सोडायचे. क्लच धड असेल, तर इंजिन गुदमरून बंद पडते. ते चालूच राहिले, तर क्लच घसरतो आहे.

मात्र येथे एक फसगत आहे. जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी ट्रान्स्फर केसचे आखूड दांडे असतात. त्यांतला एक झिजेमुळे किंवा गुडघा लागून न्यूट्रलमध्ये सरकला, तर क्लच उत्तम असूनही इंजिन नुसते घोंगावते. गाडीही हलत नाही. बिचाऱ्या तबकडीवर आळ येतो! म्हणून हा दांडा 'हाय'मध्ये आहे ना, हे आधी पाहावे. 'लो'मध्ये परीक्षा घेऊ नये. तेथे चाकांवरचे बल सुमारे अडीचपट होते, म्हणजे तेवढ्याच ओढीसाठी क्लचवर भार कमी पडतो, आणि दुबळा क्लचही वेळ निभावून नेतो.

क्लच सोडतो की नाही, हे रिव्हर्स गिअर सांगतो, कारण त्यात वेग जुळवणारी योजना नसते. पेडल पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबा, मग गिअर टाका. दात करकरले, तर तबकडी अजून फिरते आहे. सैल चाल फार असणे, सांध्यांतील पिना झिजणे, किंवा पावसाळाभर उभ्या गाडीची तबकडी गंजाने फ्लायव्हीलला चिकटणे, ही त्याची नेहमीची कारणे.

आवाजही ऐकावा. न्यूट्रलमध्ये पेडल दाबताच घरघर सुरू झाली, तर संशय रिलीज बेअरिंगवर. दाबल्यावर ती थांबली, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर.

शेवटी इंजिन बंद करून, ते थंड झाल्यावर, क्लचच्या आवरणाच्या तळाशी असलेले लहान भोक वाकून पाहावे. तेथून तेल ठिबकत असेल, तर सैल चाल कितीही जुळवली तरी घसरण थांबणार नाही. मग मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, आणि नवी तबकडी बसवण्याआधी गळणारे सील बदलावे लागेल.